विनोबांचे गागोदे आणि क्वेकर भाषांतर

विनोबा भावे यांनी आत्मचरित्र म्हणून एखादा ग्रंथ स्वतः लिहिलेला नाही. निरनिराळ्या काळच्या प्रवचनांत व संभाषणांत ते स्वतःविषयी जे बोलून गेले, त्यातील वेचे कालिंदी यांनी निवडून लावले आणि त्यांतून ‘अहिंसा की तलाश’ हे हिंदी पुस्तक सिद्ध झाले. त्याचा इंग्रजी अनुवाद ‘मूव्ह्ड बाय लव्ह’ या नावाने १९९४ साली प्रसिद्ध झाला. अनुवादिका मार्जरी साइक्स (१९०५–१९९५) या क्वेकर पंथाच्या होत्या. १९२८ साली त्या मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, पुढे शांतिनिकेतनात राहिल्या आणि स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे सेवाग्रामच्या नयी तालीमच्या कामात होत्या. विनोबांचे शिक्षणविचारही त्यांनीच इंग्रजीत नेले होते. म्हणजे मराठी मुलखात दीर्घकाळ राहिलेल्या एका क्वेकर स्त्रीने, आयुष्याच्या अगदी अखेरीस, एका कोकणी माणसाच्या आठवणी आपल्या भाषेत मांडल्या, असे या पुस्तकाचे स्वरूप आहे. त्यातील आरंभीचा भाग गागोद्याचा आहे. गागोदे पेण तालुक्यात येते. पेण, खालापूर आणि कर्जत हा सह्याद्रीच्या पायथ्याचा सलग पट्टा असून भातखाचरे, डोंगरउतारावरची वरकस जमीन आणि कडेकपारीतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या हे त्याचे सर्वत्र सारखे रूप आहे. या पट्ट्यातील वाचकाने हा अनुवाद कसा वाचावा, क्वेकर दृष्टीमुळे त्यात काय उजळते आणि काय अंधारात राहते, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

क्वेकर पंथाची थोडी ओळख आधी आवश्यक आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) याने जो समुदाय उभा केला त्याचे स्वतःचे नाव ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे लोकांनी चेष्टेने दिलेले नाव पुढे रूढ झाले. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाशाचा अंश आहे, आणि त्याकडे लक्ष लावण्यास भटजी-पाद्री, मंत्र-विधी यांची मध्यस्थी नको, ही त्यांची मूळ श्रद्धा. त्यांची उपासना म्हणजे एकत्र बसून पाळलेले मौन. कोणाला आतून प्रेरणा झालीच तर तो उठून चार शब्द बोलतो आणि पुन्हा मौनात मिसळतो. या मौनातून त्यांचे लोकविरोधी आचरण निघाले. त्यांनी शपथ घेण्यास नकार दिला, वरिष्ठांपुढे टोपी काढली नाही, शस्त्र धरले नाही आणि पोशाखात व व्यापारात साधेपणा व एकवचन राखले. त्यासाठी त्यांच्यापैकी हजारोंनी तुरुंग पाहिला. मराठी वाचकाला यात अगदी अपरिचित असे थोडेच आहे. मध्यस्थ नाकारणारा वारकरी आणि अंतःप्रकाशाकडे कान लावणारा क्वेकर यांचे नाते कोणालाही सहज सुचेल. परंतु अशी नाती सुचतात तितक्या सहज सिद्ध होत नाहीत. वारकऱ्यांचा समुदाय नामघोषाने एकत्र येतो, क्वेकरांचा समुदाय निःशब्दतेने. हा भेद लहान नाही.

प्रथम ग्रंथनामाचा विचार करू. हिंदी नावात ‘तलाश’ आहे, म्हणजे शोध. शोधणारा साधक तेथे कर्ता आहे. तो निघतो, वाटा चाचपतो, प्रयोग करतो. विनोबांच्या गणिती वृत्तीला हे नाव शोभते. इंग्रजी नावात मात्र कर्ता लोपला आहे. प्रेमाने ज्याला हलविले, चालविले, असा तो कोणी. इंग्रजीच्या सामान्य वाचकाला या शब्दात फक्त हृदय हेलावल्याचा भास होईल. परंतु क्वेकर वाङ्मयात ‘मूव्ह्ड’ हा जवळजवळ पारिभाषिक शब्द आहे. फॉक्सच्या रोजनिशीत तो कोठे गेला, कोठे बोलला, कोठे गप्प राहिला, हे सांगताना पुनःपुन्हा हेच क्रियापद येते: प्रभूने हलविले म्हणून गेलो. नाव कोणी सुचविले हा प्रश्न येथे गौण आहे. ते नाव धारण करताच हे पुस्तक क्वेकर आत्मकथनांच्या ओळीत जाऊन बसते, ही गोष्ट महत्त्वाची. आणि गंमत अशी की मराठी भक्तिपरंपरेच्या दृष्टीने हे रूपांतर परके नाही. आपण बोलत नसून बोलविणारा निराळाच आहे हा तुकोबांचा दावा ज्याच्या कानात आहे, त्याला ‘तलाश’पेक्षा ‘मूव्ह्ड’च अधिक जवळचे वाटण्याचा संभव आहे. हिंदी नावाने जो मराठी सूर मागे राहिला होता तो इंग्रजी नावाने परत आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

रचनेच्या बाबतीतही हे साम्य पुढे नेता येते. फॉक्सची रोजनिशी त्याने बरीचशी तोंडी सांगितली आणि थॉमस एलवुडने तिचे संपादन करून ती १६९४ साली, फॉक्सच्या मृत्यूनंतर, छापली. विनोबांच्या आठवणीही बोललेल्या आहेत आणि दुसऱ्याच्या हातून लागलेल्या आहेत. दोन्हीकडे कालक्रम सैल आहे. दोन्हीकडे बाह्य घटनेपेक्षा ती घटना आत कशी उमटली याला मान आहे. दोन्हीकडे संपादक भक्त आहे, आणि भक्ताच्या हातून जे निसटते ते दोन्हीकडे निसटले आहे. भांडणे, थकवा, फसलेले बेत यांना अशा ग्रंथात जागा कमी मिळते. पाश्चात्त्य आत्मचरित्राच्या मापाने पाहणारा टीकाकार यास उणीव म्हणेल. परंतु क्वेकर रोजनिशी हे आत्मचरित्र नसून साक्ष आहे, आणि साक्षीला वेगळे माप लावावे लागते. साक्ष खरी कशावरून, हे त्या माणसाच्या पुढल्या आचरणावरून ठरते.

या दृष्टीने गागोद्याच्या आठवणींकडे वळले असता त्यांचे बळ कोठे आहे ते कळते. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास, आणि मुले आई व आजोबांजवळ गावी. १९०५ च्या सुमारास बिऱ्हाड बडोद्यास हलेपर्यंत हा क्रम चालला. आजोबा शंभुराव चांद्रायणव्रत करीत. एकदा देवाच्या मूर्तीवर विंचू दिसला, तेव्हा तो देवाच्या आश्रयास आला आहे म्हणून त्यास कोणी मारू नये, असे त्यांनी सांगितले. घरात एक आंधळे काका राहत. ते वारल्याचे कळले तेव्हा घरात सुतक पाळले गेले नाही, आणि मुलाने विचारले तेव्हा आईने सांगितले की ते आपले कोणी नातेवाईक नव्हतेच. इतकी वर्षे घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे त्यांचे केले गेले आणि मुलांना ते परके असल्याचा पत्ताही नव्हता. या आठवणीत उपदेशाचा शब्द नाही. क्वेकर ज्याला साक्ष म्हणतात ती नेमकी अशी असते. साइक्सबाईंच्या इंग्रजीने हा प्रसंग बिघडविला नाही, कारण थोडक्यात सांगून थांबण्याची सवय त्यांच्या पंथाच्या गद्याला मुळातच आहे.

जेथे भाषांतर हरते तेही याच भागात दिसते. परसात फणस पिकला की आई आधी शेजाऱ्यांकडे वाटे धाडी आणि मग मुलांना देई. देण्याचा आणि राखण्याचा धडा तिने ‘देव’ व ‘राक्षस’ या दोन शब्दांच्या ध्वनीतूनच शिकविला. मराठी कानाला ‘देव’मध्ये ‘देणे’ आणि ‘राक्षस’मध्ये ‘राखणे’ ऐकू येते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, घरातल्या बाईच्या तोंडी ती पुरेशी आहे. हिंदीत ती निम्मी उतरते, इंग्रजीत मुळीच उतरत नाही. तेथे स्पष्टीकरण द्यावे लागते, आणि स्पष्टीकरण दिलेला श्लेष म्हणजे सोलून ठेवलेला गरा. पण हे केवळ भाषेचे नुकसान नाही. पुढे भूदानात विनोबांनी दानाचा जो अर्थ गावोगाव सांगितला त्याचे बीज या ध्वनिखेळात आहे. इंग्रजी वाचकाला तो अर्थ तत्त्वज्ञान म्हणून भेटतो. मराठी वाचकाला तो फणसाच्या वासासकट भेटतो.

आता सर्वांत मोलाची आठवण. गावात मजूर मोठे दगड फोडीत आणि लहान विन्या बघत उभा राही. दगड फुटण्याच्या बेतास आला की मजूर हातोडा त्याच्या हाती देत. त्याने घाव घालावा, दगड दुभंगावा आणि मजुरांनी इनामदाराच्या पोराने दगड फोडल्याचा गजर करावा. विनोबांनी ही आठवण हसत सांगितलेली आहे, आणि वाचक हसून पुढे जातो. परंतु तिच्याजवळ थांबले पाहिजे. शंभर घाव एकाचे आणि शेवटचा घाव, त्याबरोबर श्रेय, दुसऱ्याचे. आणि ते श्रेय मजूर स्वतः होऊन, कौतुकाने, इनामदाराच्या घरी पोचवतात. कुलाबा जिल्ह्याच्या त्या वेळच्या खोती-इनामदारी समाजरचनेचे याहून नेटके चित्र सापडणे कठीण. येथे कोणावर जुलूम होत नाही, आणि म्हणूनच चित्र अधिक बोलके आहे.

क्वेकर वाङ्मयात याच्या शेजारी ठेवता येईल असा एक प्रसंग आहे. न्यू जर्सीतील जॉन वूलमन (१७२०–१७७२) तरुणपणी एका दुकानात कारकून होता. मालकाने त्याला एका निग्रो स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. मन कचरले, पण मालक आणि गिऱ्हाईक यांच्या भिडेखातर त्याने ते लिहिले. त्या लिहिण्याची टोचणी त्याला आयुष्यभर पुरली. पुढे त्याने चांगला चालणारा व्यापार वाढतो आहे म्हणूनच आवरता घेतला आणि शिवणकाम व फळबाग यांवर भागवले. गुलामांच्या श्रमाची साखर वर्ज्य केली, रंगविलेले कपडे सोडले, इंग्लंडला जाताना जहाजाच्या तळातल्या स्वस्त जागेतून प्रवास केला आणि तेथे टपालगाडीत बसण्याचे नाकारले, कारण ती गाडी हाकणाऱ्या पोरांचे व घोड्यांचे हाल त्याला ठाऊक झाले होते. १७७४ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेली त्याची रोजनिशी म्हणजे एका माणसाने आपल्या प्रत्येक सोयीमागे कोणाचे श्रम आहेत याचा ठेवलेला हिशेब आहे. साधेपणा हा त्याच्या ठिकाणी रुचीचा प्रश्न नव्हता. फिकट, न रंगविलेली टोपी घातल्यामुळे तो स्वतःच्याच समाजात हास्यास्पद ठरला, आणि ते त्याने सोसले.

विनोबांनी विक्रीखत लिहिले नव्हते. पण शेवटचा घाव त्यांनी घातला होता, आणि त्याची परतफेड त्यांच्या पुढील आयुष्यात दिसते. १९१६ साली घर सोडण्यापूर्वी प्रशस्तिपत्रके चुलीत टाकणे, आश्रमातील दळण, विणकाम, भंगीकाम, १९५० च्या सुमारास पवनारला पैशावाचून जगण्याचा कांचनमुक्तीचा प्रयोग आणि बैलाच्या मदतीशिवाय हाताने केलेली ऋषिखेती, या सर्वांकडे गागोद्याच्या त्या हातोड्यावरून पाहता येते. उरलेले नव्याण्णव घाव ते पुढे घालीत राहिले. साइक्सबाईंचा अनुवाद वाचताना हा संबंध जाणवतो तो वूलमनच्या वाचकाला. मराठी वाचक त्या आठवणीकडे बाळलीला म्हणून पाहण्याचा धोका अधिक, कारण संतचरित्रात बाळलीला असावयाचीच अशी आपली समजूत असते.

मौनाचा विषय यास जोडूनच घेतला पाहिजे. भूदानयात्रेत निरनिराळ्या धर्मांचे व भाषांचे लोक एकत्र येत, तेव्हा विनोबांनी सामूहिक मौन प्रार्थनेचा पुरस्कार केला. क्वेकरांचे अनुकरण म्हणून त्यांनी तो केला असे मानण्यास आधार नाही आणि तसे मानण्याची गरजही नाही. महत्त्वाचे हे की दोन्हीकडे मौन उपासनेपुरते थांबले नाही, ते कारभारात शिरले. क्वेकरांच्या सभेत मतदान होत नाही. सर्वांचे ऐकून, मध्ये गप्प बसून, सभेचा कल काय आहे तो चिटणीस नोंदवितो, आणि एखाद्याची हरकत प्रामाणिक असेल तर निर्णय थांबतो. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांकडे माणसे धाडून त्यांची मने वळविण्याचे ठरविले. गुलाम ठेवणाऱ्यास समाजातून दूर करण्याचा निर्णय १७७६ चा. मध्ये अठरा वर्षे गेली. विनोबांनी ग्रामदानी गावासाठी आणि १९५९ साली पवनारला स्थापन झालेल्या ब्रह्मविद्या मंदिरासाठी सर्वानुमतीची जी रीत घालून दिली ती याच जातीची आहे. महाराष्ट्रात तिचे जिवंत उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात सापडते. तेथे ग्रामसभेचे निर्णय मतमोजणीने होत नाहीत.

परंतु अठरा वर्षे कोणाची गेली, हा प्रश्न उरतोच. सभेतील क्वेकर थांबू शकत होते. गुलामाला थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. सर्वानुमतीत सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग सर्वांना पत्करावा लागतो, आणि जमिनीच्या बाबतीत सर्वांत सावकाश चालणारा बहुधा जमीनमालक असतो. भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळ नापीक किंवा वादातली निघाली ही गोष्ट सर्वश्रुत आहे. प्रस्तुत ग्रंथ या ठिकाणी वाचकाला पुरेसे साहाय्य करीत नाही. कर्जत तालुक्यापुरते बोलावयाचे तर तेथील लोकस्मृतीत अन्यायाच्या प्रतिकाराचे जे नाव ठसले आहे ते माथेरानच्या भाई कोतवालांचे. १९४२ साली त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते गोळीस बळी पडले. आदिवासी-शेतकऱ्यांत मिसळलेल्या या माणसाचा मार्ग क्वेकर वा विनोबा यांना मान्य होणारा नव्हता. तथापि त्यांना थांबणे का शक्य झाले नाही हे समजून घेतल्यावाचून या मुलखात अहिंसेविषयी बोलणे पोकळ ठरेल.

गागोद्याच्या आठवणींची मर्यादा येथेच आहे. त्यांचा भर घरावर आहे. आई, आजोबा, देवघर, फणस. घराभोवतीच्या वाड्यांवर तो नाही. कातकऱ्यांचा कात पाडण्याचा धंदा जंगलाच्या कायद्यांनी गेला, मग कोळसा पाडणे आले, आणि आज दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणे आणि पावसाळ्याच्या तोंडी परतणे हा या पट्ट्यातील पुष्कळ कुटुंबांचा क्रम आहे. त्यांच्या घरात सामान थोडे असते. तो साधेपणा कोणी व्रत म्हणून घेतलेला नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा मदतीस निघालेल्यांना पावसात डोंगर पायी चढून जावे लागले, कारण वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. मातीशी जडलेले जीवन हा शब्दप्रयोग वापरताना ती वाडी डोळ्यांआड करून चालणार नाही.

आणि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी आता शांतता विकत मिळते. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध, लोहमार्ग व द्रुतगती मार्ग दोन्ही जवळ, यामुळे कर्जत-खालापूरची भातखाचरे फार्महाऊसांच्या कुंपणांत जात आहेत. ध्यानाची, मौनाची, सेंद्रिय आहाराची शिबिरे भरतात. शहरी जीवनास पर्याय म्हणून दोन दिवसांचे साधे जीवन दिले जाते. या शिबिरांस जाणारे सर्व ढोंगी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. थकलेल्या माणसाला विसावा हवाच असतो. पण वूलमनच्या कसोटीस हे मौन उतरत नाही. त्याच्या लेखी मौनातून उठलेल्या माणसाने विचारावयाचा पहिला प्रश्न असा की ही खोली कोण झाडतो, त्याला काय मिळते, आणि ही जमीन कोणाकडून कोणत्या भावाने आली. विनोबांच्या ग्रंथाचा, आणि विशेषतः त्याच्या घरगुती आरंभाचा, वापर या शिबिरांच्या टेबलावर मनःशांतीचे पुस्तक म्हणून होऊ शकतो, ही त्यातील उणीव मान्य केली पाहिजे. ‘मूव्ह्ड बाय लव्ह’ हे नावही, त्यातील क्वेकर अर्थ ठाऊक नसल्यास, त्या वापरास अनुकूलच आहे.

क्वेकरांचा स्वतःचा हिंदुस्थानातील इतिहास या बाबतीत बोधक आहे, आणि तो साइक्सबाईंनी १९८० च्या आपल्या पुस्तकात काही न लपविता सांगितला आहे. १८६६ साली रेचल मेटकाफ आल्या आणि पुढे होशंगाबाद परिसरात क्वेकरांचे मिशन उभे राहिले. मौनाचे उपासक येथे इतर मिशनऱ्यांप्रमाणे प्रवचने व भजने करू लागले, आणि शतकाअखेरच्या दुष्काळांत अनाथ मुलांच्या संगोपनातून त्यांचा समाज वाढला. म्हणजे मौन त्यांच्याही हातून सुटले होते. ते परत सापडले ते बरेच नंतर, गांधींच्या सहवासात आलेल्या पिढीला. रसुलियाचे ग्रामकेंद्र, १९७२ साली ‘किशोर भारती’बरोबर सोळा शाळांत सुरू केलेला विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम आणि नंतरची तेथील ऋषिखेती हे त्या परत सापडण्याचे फळ. ऋषिखेती हा शब्द विनोबांचा, शेत क्वेकरांचे. देवघेव दोन्ही बाजूंनी झाली होती. गांधींच्या आत्मकथेत प्रिटोरियाचे कोट्स हे क्वेकर गृहस्थ येतात. त्यांनी गांधींच्या गळ्यातील तुळशीची कंठी अंधश्रद्धा म्हणून तोडावयास सांगितली होती, आणि आईने घातलेली ती कंठी गांधींनी तोडली नाही. ही गोष्ट १८९३ ची. शंभर वर्षांनी त्याच पंथाच्या एका वृद्ध स्त्रीने विनोबांच्या आईचे लक्ष तांदळांचे व्रत, एकेक दाणा मोजून देवाला वाहण्याचे, इंग्रजीत उतरविताना त्यावर अंधश्रद्धेचा शिक्का मारला नाही. वडिलांनी सुचविले होते की थोडे दाणे मोजून बाकीचे वजनावर घ्यावेत. मुलाने आईची बाजू घेतली, कारण प्रत्येक दाण्याबरोबर नामस्मरण होते. मौनात बसणाऱ्या अनुवादिकेला हा युक्तिवाद परका वाटला नसावा.

या ग्रंथाचा पुढील अभ्यास करणाराने हिंदी व इंग्रजी पाठ शेजारी ठेवून, जेथे जेथे आईचे बोलणे येते ती स्थळे प्रथम तपासावीत. विनोबा आईशी मराठीत बोलत. हिंदी हे त्या संवादाचे पहिलेच भाषांतर आहे. आणि ती तपासणी ग्रंथालयात बसून न करता गागोद्यापासून चौक-कर्जतपर्यंतच्या वाड्यांत ते शब्द आज कसे ऐकू येतात हे पाहून केली, तर मजुरांच्या त्या गजराचे मूळ मराठी रूप काय असावे याचाही अंदाज बांधता येईल.